होडी सुटायच्या वेळची गोळी

माझी सासू आळशी आहे असं मी लग्नानंतर चार महिन्यांत ठरवून टाकलं होतं. आज तोंडातून हे वाक्य काढायची लाज वाटते, पण त्या वेळी मी अठरा वर्षांची होते, सातवी पास होते आणि नाकावर राग घेऊनच सासरी आले होते. त्यामुळे जे डोळ्यांना दिसलं ते मी खरं धरलं.

आमचं माहेर कुडाळला. वडील मूळचे किनाऱ्यावरचेच, पण शाळामास्तर झाले आणि आम्ही पोरं समुद्रापासून लांब वाढलो. मला दिलं ते मात्र मालवणच्या बाजूला, खाडीच्या तोंडावरच्या एका गावात. घरात तीन माणसं. सासू, आमचे हे आणि मी. सासरे मी येण्याआधीच वारले होते. ह्यांची होडी होती, दोन भागीदार होते, आणि आणलेली मासळी सासू टोपलीत घेऊन बाजारात विकायची. तिला सगळे आये म्हणायचे, मीही आयेच म्हणू लागले. वडिलांनी मला आंदण म्हणून एक गजराचं घड्याळ दिलं होतं. मी ते हौसेनं फळीवर ठेवलं, तर आये बघून हसली.

"दर्याक घड्याळ लागणा नाय गो बाय," ती म्हणाली. "भरती इली काय उठायचा."

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. पाणी भरल्याशिवाय होडी बाहेर पडत नाही. आणि भरती काही रोज एका वेळेला येत नाही, दर दिवशी पाऊण तासानं पुढे सरकते. म्हणजे आज होडी उजाडताना सुटली तर आठवड्यानं दुपारी सुटणार. घरातली पेज, झोप, अंघोळ, बाजार, सगळं त्या पाण्याच्या मागे मागे. मला तर सुरुवातीला वेडच लागायची पाळी आली. भूक लागली की जेवायचं एवढंच मला ठाऊक, इथे भूक लागायचीसुद्धा पाणी बघून!

लग्न ठरवायला आले तेव्हा सगळ्यांनी एकच कौतुक सांगितलं होतं, की ह्या घरची बाई सगळ्यांच्या आधी उठते. आणि मी आले तर काय बघते? सकाळी आये उठेचना. भिंतीकडे तोंड करून पडलेली. हाक मारली तर म्हणायची, "माका उठवू नको गो. आंगात जीवच नाय." पेज दिली तर दोन घोट घेऊन ओकून टाकायची. आणि दिवस कलला की हीच बाई उठून बसणार, शेजारणीशी गप्पा मारणार, कोणाचं लग्न, कोणाची भांडणं, सगळं चवीनं बोलणार! मी सकाळपासून पाणी भरून, भांडी घासून, चुलीशी धूर खाऊन मेलेली, आणि संध्याकाळी ही ताजीतवानी. मग मी काय समजायचं? सून आली, आता आपण आडवं पडायचं, असंच मी समजले. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात ते मीठ. मी काहीही रांधलं की आये एक घास घेऊन म्हणायची, "अळणी झाली हा गो." मी मीठ वाढवलं. परत अळणी. आणखी वाढवलं, तर हे पहिल्याच घासाला पाण्याचा तांब्या शोधायला उठले. आये मात्र त्याच आमटीत वरून खडेमीठ टाकून बोटं चाटत बसलेली. एकदा तर मी तिला बरणीत हात घालून नुसतं मीठ खाताना पकडलं. पेढा खावा तसं खात होती. मला काय वाटावं? मला वाटलं, ही मला चार लोकांत नावं ठेवायला करते. सुनेला साधं मीठ घालता येत नाही, असं गावभर करायचं असेल.

आणखी एक. ती काळी पडत चालली होती. शेजारणी म्हणायच्या, बाजारात उन्हात बसते ना, म्हणून. पण तिच्या तळहातावरच्या रेघासुद्धा काळ्या झाल्या होत्या, हिरड्यांवर डाग पडले होते. आता तळहाताला कुठलं ऊन लागतंय? पण मी तेवढा विचार केला नाही. मला वाटलं, मासळी साफ करून हात नीट धूत नाही. एके दिवशी मी तिचा हात धरून राखेनं आणि चिंचेनं खसाखसा घासला. रेघा तशाच राहिल्या, हात मात्र लाल झाला. मी दात ओठ खाऊन घासत होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, एवढं मला आठवतं.

मकरसंक्रांत झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात मी मिठाची बरणी लपवली.

कोणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. माळ्यावर फाटकं जाळं पडलेलं होतं, त्याच्या मागे ठेवली, आणि रांधायला लागेल तेवढं मीठ पदराच्या टोकाला बांधून ठेवलं. आये दोन दिवस चुलीशी, फळीवर, मडक्यांच्या मागे शोधत राहिली. मला विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर मी काय उत्तर द्यायचं हेही ठरवून ठेवलं होतं. पण विचारलंच नाही, त्यामुळे मला आणखीच राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून आले तर आये मधल्या खोलीत माळ्याच्या शिडीच्या पायथ्याशी पडलेली. हातपाय गार, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी ओ नाही. मी जी किंचाळले ती बाजूच्या चार घरांत ऐकू गेली. शिडीपाशी तिचं काय काम होतं, हे मला त्या वेळी सुचलं नाही. खरं सांगायचं तर मी सुचूच दिलं नाही.

आधी गाडीवानाकडून बैलगाडी, मग एस.टी., असं करत आम्ही तिला घाटावरच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे आठ दिवस काढले. बाटलीनं खारं पाणी शिरेतून चढवलं आणि तिसऱ्या दिवशी आये उठून बसली. तिथला डॉक्टर वयस्क होता, घाटावरचाच. त्यानं तिच्या तळहाताच्या रेघा बघितल्या, हिरड्या बघितल्या, आणि पूर्वी कधी खोकल्याचं मोठं दुखणं झालं होतं का म्हणून विचारलं. झालं होतं, सासरे गेले त्या साली.

मग त्यानं आम्हा दोघांना आयेच्या खाटेजवळच्या बाकावर बसवून समजावलं. मूत्रपिंडाच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतून एक रस रक्तात येतो. तो दिवसभर सारखा येत नाही. माणूस जागा व्हायच्या आधी, पहाटेच, तो वाढू लागतो, सकाळी भरपूर असतो, आणि दिवस उतरेल तसा उतरतो. त्याच्या जोरावर माणूस अंथरुणातून उठतो, त्याच्यामुळे अंगात मीठ टिकतं, पोटातले पाचक रससुद्धा आपापली वेळ धरून असतात. जुन्या क्षयानं आयेच्या त्या ग्रंथी खाऊन टाकल्या आहेत. म्हणून सकाळी, जेव्हा तो रस सगळ्यात जास्त लागतो, तेव्हाच ह्या मेल्यासारख्या होतात.

"आळस नाही हा," डॉक्टर म्हणाला. त्याला काय माहीत मी काय समजत होते ते! पण त्यानं माझ्याकडेच बघून म्हटलं असं मला वाटलं. मग म्हणाला, "आणि मीठ मागतील तेवढं द्या. इतके दिवस त्या मिठावरच जगल्यात."

ह्यांनी विचारलं, "काय झाला गो? घाम कित्याक इलो?" मी म्हटलं, इथे उकडतंय. माघ महिन्यात, घाटावर.

त्या रसाच्या जागी गोळी होती. कॉर्टिझोन. एक सकाळी आणि अर्धी सात-आठ तासांनी. मरेपर्यंत घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही. "सकाळी कामाला उठता, तेव्हा पहिली," डॉक्टर म्हणाला.

आयेनं विचारलं, "कामाक उठतंय तेवा? म्हणजे होडी सुटता तेवा?"

"हो हो, तेव्हाच. आणि होडी परत आली की अर्धी."

डॉक्टरानं मान हलवली, ह्यांनी हलवली, मीही हलवली. त्या बिचाऱ्याला वाटलं, कोळी माणसं पहाटे उठून समुद्रावर जातात. आम्हाला वाटलं, डॉक्टर किती हुशार, आपल्या कामाची वेळ बरोबर ओळखली. आणि मी, घड्याळ आंदण घेऊन आलेली, मास्तराची मुलगी, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

घरी आल्यावर गोळ्या द्यायचं काम माझं. मी ते जपजाप्य केल्यासारखं करायला लागले. पदराच्या ज्या टोकाला मीठ बांधत होते त्याच टोकाला आता गोळी बांधायची, किनाऱ्यावर उभं राहायचं, होडी पाण्यात लोटली की घरी धावत जाऊन आयेच्या तोंडात गोळी. होडी परत आली की अर्धी. मिठाची बरणी मी गुपचूप माळ्यावरून काढून फळीवर ठेवली होती. ती कुठे होती, हे कोणी विचारलं नाही.

आणि आये बरी झाली. पण धड बरीही नाही! आठ-दहा दिवस चांगली उठायची, टोपली घेऊन बाजारात जायची, आणि मग एकाएकी परत भिंतीकडे तोंड. सकाळी ओकारी, चक्कर, रात्री डोळ्याला डोळा नाही. चार-पाच दिवसांनी आपोआप सुधारणार. परत आठ-दहा दिवस बरी. माझं तर डोकं चालेना. गोळी तीच, देणारी मी तीच, एक दिवस चुकवला नव्हता. रांधण्यात काही येतंय का म्हणून मी बांगडा बंद केला, मग कुळीथ बंद केला, मग ताक बंद केलं. काही फरक नाही. मी दिनदर्शिकेवर खुणा करायला लागले, बऱ्या दिवसाला टिकली, वाईट दिवसाला फुली. दोन महिन्यांत ते सगळ्यांनाच दिसलं. फुल्या होत्या त्या अवस आणि पुनव यांच्या आगेमागे. अष्टमीच्या आसपास नुसत्या टिकल्या.

झालं! गावाला आणखी काय पाहिजे? हे बाहेरचं काहीतरी आहे असं आधीच सगळे म्हणत होते, आता माझ्याच खुणांनी शिक्कामोर्तब झालं. मला स्वतःलासुद्धा भीती वाटायला लागली. उधाणाला, म्हणजे अवस-पुनवेच्या मोठ्या भरतीला आजारी आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीला बरी, असा कुठला रोग असतो?

हे गावच्या देवळात गेले. गुरवानं कौल घ्यायला देवाच्या पाषाणाला फुलांच्या कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आम्ही मागे उभं राहून "होय म्हाराजा" म्हटलं. उजवी कळी पडली. अवस-पुनवेची बाधा आहे, असा कौल आला. नारळ, कोंबडा, काय सांगितलं ते सगळं केलं. ज्येष्ठ महिना होता. पाऊस लागला, होड्या ओढून वर काढल्या, माडाच्या झापांनी शाकारल्या.

आणि आये ठणठणीत! मी काही खोटं सांगत नाही. सगळा पावसाळा ती माझ्या बरोबरीनं उठली. हे म्हणाले, देवान ऐकला. मीही देवाला हात जोडले. डॉक्टर बरोबर, देव बरोबर, गोळी बरोबर, मला कशाचा कशाला पत्ता लागेना, पण माणूस बरं आहे ना, मग पुरे, असं म्हणून मी विचार सोडून दिला.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला. होड्या पाण्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी आये पडली.

ह्या वेळी पूर्वीपेक्षा वाईट. तोंडात पाणी ठरेना. ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. आईशिवाय त्यांना दुसरं कोणी नव्हतं, आणि मी घरात नवीच. ते फळीवरची गोळ्यांची डबी उचलून म्हणाले, "ह्या गोळयेन काय एक होवक नाय. देवाक ह्या चलणा नाय. आजपासून बंद."

"बंद केल्यावर मरतील हो!" मी म्हटलं. "मरेपर्यंत घ्यायची सांगितलीय डॉक्टरानं."

"घेऊन तरी काय जगता हा?" ते म्हणाले, आणि डबी बंडीच्या खिशात घालून किनाऱ्यावर निघून गेले.

मी मागोमाग धावले. रागानं नाही, भीतीनं. त्या दिवसाची गोळी माझ्या पदरात बांधलेली होती, तेवढीच आता हातात. किनाऱ्यावर पोचले तर होडी अजून कोरड्यातच. पाणी भरायचं होतं. भागीदार उंडीच्या झाडाखाली विड्या ओढत बसलेले. मी ऊन डोक्यावर घेऊन उभी राहिले, होडी सुटेल आणि मी घरी धावत जाऊन गोळी देईन म्हणून. माझी सावली माझ्या पायाखाली होती. दुपार झाली होती आणि आयेच्या पोटात सकाळची गोळी अजून गेली नव्हती.

सकाळची गोळी!

मी तिथेच बोटांवर मोजायला लागले. पावसाळ्यात होडी नव्हती, तर मी गोळी कधी देत होते? चूल पेटवली की. रोज, उजाडता उजाडता. त्या दिवसांत अवस-पुनव काय आकाशातून सुट्टीवर गेल्या होत्या? आल्या होत्या की पाच! आयेला एकदाही धरलं नव्हतं. अष्टमीच्या सुमाराला भरती पहाटे येते, तेव्हा होडी पहाटे सुटायची, गोळी पहाटे जायची, आये बरी. अवस-पुनवेला भरती दुपारी, गोळी दुपारी, आणि अर्धी गोळी मध्यरात्र उलटून गेल्यावर. पुनवेनं काही केलं नव्हतं. मी केलं होतं. रोज पाऊण तास पुढे, पाऊण तास पुढे, असं करत मीच तिला आडवी पाडत होते.

ह्यांना सांगायला गेले तर ते ऐकेनात. "डॉक्टरान होडयेबरोबर सांगलला. तू डॉक्टर झालंस?"

"त्या डॉक्टरच्या गावात खाडी खंय आसा?" मी चार पुरुषांसमोर ओरडले. "तेका काय ठावक होडी दुपारी सुटता ती? पावसात होडी वर होती. पाच अवस-पुनवो गेल्यो, आये एकदाय पडूक नाय. कित्याक नाय पडली, सांगा!"

भागीदारांनी विड्या टाकल्या. नव्या सुनेचा असा आवाज त्या किनाऱ्यानं ऐकला नव्हता. हे घरी आले, माझ्या पुढे चालत, आणि थेट आयेपाशी जाऊन उभे राहिले. तिनं अंथरुणातून सगळं ऐकून घेतलं. माझं, मग त्यांचं. बोलायला तिला कष्ट पडत होते.

"डबी हिच्याकडे दी," ती म्हणाली.

"आये, कौल—"

"दी म्हटलंय ना. हिना माका मारूचा असता तर कदीच मारल्यान असता."

त्या वाक्यानं मला माळ्यावरची बरणी आठवली. पण डबी हातात आली होती. मी तिथल्या तिथे एक गोळी दिली आणि फळीवरच्या घड्याळाला चावी दिली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला गोळी, दुपारी दोनला अर्धी. होडी गेली चुलीत! तिला सुटायचं तेव्हा सुटू दे.

बारा-तेरा दिवस मी नीट झोपले नाही. माझा हिशेब चुकला असेल तर? अवस जवळ येत होती, उधाणाचं पाणी घरामागच्या परड्याच्या कुंपणापर्यंत चढत होतं, आणि मी आयेच्या तोंडाकडे बघत होते. शेजारणी मुद्दाम डोकावून जात होत्या. हेही बघतच होते.

अवसेच्या सकाळी मला जाग आली ती धुरानं. घड्याळाचा गजर अजून व्हायचा होता. चूल पेटलेली, पेज शिजलेली, आणि आये पाटावर बसून फुंकणीनं जाळ करत होती. मी अंथरुणातच बसून राहिले. मग उठले, गोळी दिली, पाणी दिलं. तिनं दोन ताटल्यांत पेज वाढली. मी सवयीनं तिच्या पेजेत तिला लागायचं तेवढं मीठ टाकलं. तिनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट झाली गो," ती म्हणाली.

आले त्या दिवसापासून जिनं माझ्या हातचं सगळं अळणी म्हटलं, तिनं खारट म्हटलं! मला एकदम रडू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला तरी आवाज येतच राहिला. आये तिची पेज संपवत होती, हळूहळू, गरम पाणी घालून घालून. ताटली खाली ठेवून तिनं मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली.

"ही आता लागाची नाय माका. ठेवन दी, होती थंयच. माळ्यार, जाळयाच्या मागे."

माझं रडं जागच्या जागी थांबलं.

"आये, तुमका ठावक होता?"

"दिसली माका खालसून. घेवक म्हणान शिडी चढाक गेलंय," आये म्हणाली. "दोनच पायऱ्यो चढलंय, मगे काय कळाक नाय." आणि रात्री आलेल्या मासळीची टोपली काखेत घेऊन बाजाराला गेली.